बारा मार्चची धूळ

मल्लूनं खिशातून पेन काढलं, वही गुडघ्यावर ठेवली आणि ड्रोनच्या उड्डाणाची वेळ लिहायला घेतली. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं.

"अरे, तुझे आप्पा सकाळपासून बेपत्ता आहेत आणि तू वही लिहीत बसलायस?" मी म्हणालो.

"लिहिल्याशिवाय उडवायचं न्हाई, दादा. तुम्हीच शिकवलंय की."

बॅटरीचा नंबर, वाऱ्याची दिशा, कोण उडवणार, सगळं लिहून मगच तो उठला. अक्षर नेहमीसारखंच होतं.

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून त्याचं गाव. गावाबाहेर शाळेच्या मागं माळ सुरू होतो, तिथं आम्ही उभे होतो. एप्रिलचा मध्य. चपलेतून चटका बसत होता. मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन बिराजदार. नोकरी पाटबंधारे खात्यात, सांगलीला. पाऊस किती पडला, धरणात पाणी किती चढलं, याच्या नोंदी ठेवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि सुटीच्या दिवशी ड्रोन उडवणं हा नाद. माझं मिरजेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेल्या पंपांच्या मोटारी भरून देण्यात तीस वर्षं गेली. आमचा अकरा जणांचा क्लब होता. दर रविवारी मिरजेबाहेरच्या एका मोकळ्या पटांगणात जमायचो. वयानं आणि कामानं मी सगळ्यांत जुना, त्यामुळं नियम मीच केलेले. प्रत्येक ड्रोनला एक वही. किती मिनिटं उडाला, कुठं उतरला, पंखे कधी बदलले, सगळं तिच्यात. पन्नास तास झाले की मोटरींची बेअरिंगं बदलायची. बाकीचे महिन्याची वही एका बैठकीत भरायचे. मल्लू एकटाच मिनिटाला मिनिट लिहायचा.

त्याचे वडील, आप्पा, अठ्ठ्याहत्तरचे. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नसे. मधूनच उठायचे आणि बैलं सोडून आणतो म्हणून निघायचे. बैलं विकून बारा वर्षं झाली होती. एरवी एसटी स्टँडवरून नाहीतर देवळातून कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. त्या दिवशी पहाटे गेले ते कुणालाच दिसले नाहीत. मल्लू सांगलीहून ड्रोन घेऊनच गावी गेला आणि तिथून मला फोन केला. "एकट्याला जमायचं न्हाई दादा. एक डोळा पडद्यावर लागतोय, एक आभाळात." मी दुकानाला कुलूप लावलं, तीन बॅटऱ्या भरलेल्या होत्या त्या पिशवीत टाकल्या आणि मोटरसायकलला किक मारली. माझा स्वतःचा ड्रोन नेण्यासारखा नव्हता. नवा होता तो टेबलावर सुट्या भागांत पडला होता, आणि जुना मीच मल्लूला वर्षभरापूर्वी विकला होता. आता आमच्यासमोर मातीत उभा होता तो तोच.

सरपंचांनी पोरं रस्त्याकडं आणि विहिरींकडं पाठवली होती. दक्षिणेकडं नुसता खडकाळ माळ, बाभळी आणि पुढं कोरडा ओढा. म्हातारा माणूस तिकडं कशाला जाईल, असं सगळ्यांचं म्हणणं.

"तिकडंच बघूया," मल्लू म्हणाला. "पूर्वी बैलं चारायला तिकडंच जायचे. पट्ट्या पाडून जाऊ. पेरताना तास धरतात तसं एकाला एक लागून. काय सुटायला नको."

त्याची बायको कस्तुरी, आप्पांपाशी गावीच राहणारी, पदर डोक्यावर ओढून बाजूला उभी होती. हातात पाण्याची बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"दिसले की लगेच सांगा," ती म्हणाली. "मी पळत जाते. सकाळपास्नं पाण्याचा घोट न्हाई पोटात."

ड्रोन उठला. पहिली पट्टी. पडद्यावर बाभळी, दगड, शेरडांचा कळप. एका ठिकाणी पांढरं काहीतरी दिसलं आणि आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो.

"ते काय?" कस्तुरीनं विचारलं.

"खाली घे जरा. आणखी."

"पोतं हाय खताचं," मल्लू म्हणाला.

दुसरी पट्टी करून ड्रोन आमच्या डोक्यावरून वळला तेव्हा मल्लूनं मान वर केली.

"दादा, मागच्या डाव्या मोटरचा आवाज वेगळा वाटतोय का?"

मी कान दिला. बारीक शीळ होती. गिऱ्हाइकाच्या पंपातून तसा आवाज आला असता तर मी तो तिथंच बंद करायला लावला असता.

"वारा आहे," मी म्हणालो. "उडव."

तिसऱ्या पट्टीनंतर बॅटरी बदलायला उतरवला. मल्लूनं आधी वही भरली. मग चारही मोटरींना एकेक करून बोट लावलं.

"ही जरा जास्त गरम हाय."

"एप्रिल आहे बाबा. सगळंच गरम आहे. वेळ घालवू नकोस."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मोटरींच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे त्याला शेवटचा. त्यानं नवी बॅटरी बसवली. ड्रोन पुन्हा उठला.

पाचव्या पट्टीला ओढ्याच्या अलीकडं पोचलो. ऊन उतरायला लागलं होतं, सावल्या लांब झाल्यामुळं उलट नीट दिसत होतं. दगडन् दगड मोजता आला असता. अजून चार पट्ट्यांत सगळा माळ संपला असता, फार तर पाच. कस्तुरी पडद्याजवळ येऊन उभी राहिली होती. मला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर थोडा दिमाखही वाटत होता. सगळं गाव विहिरीत डोकावत होतं आणि आम्ही आभाळातून बघत होतो.

मग पडदा कलंडला. आभाळ, जमीन, पुन्हा आभाळ, आणि नुसता करडा रंग.

"गेलं," मल्लू म्हणाला.

त्यानं दोन-तीनदा बटणं दाबून बघितली. मग खाली बसला, वही उघडली आणि लिहिलं: पाच वाजून दोन मिनिटं, पडलं. ते लिहून होईपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

विहिरींकडची पोरं गोळा होईपर्यंत सहा वाजून गेले, मग पायी निघालो. ड्रोन पडला होता तिथंवर पोचेपर्यंत अंधारून आलं. मल्लूनं तुकडे उचलून पोत्यात भरले. त्याला अजून पुढं जायचं होतं, पण सरपंच अडवून बसले. "म्हातारा माणूस एवढ्या लांब येतोय व्हय? उगं अंधारात एखाद्याचा पाय मोडंल. चला, विहिरी पुन्हा बघू." वडीलधारा माणूस, आणि बोलणंही गैर वाटत नव्हतं. आम्ही परतलो. विहिरी पुन्हा बघितल्या.

सकाळी सातला एका मेंढपाळानं आप्पांना बघितलं. ओढ्यात, हिवराच्या झाडाजवळ, उघड्या वाळूवर पडलेले. अंगावर पांढरं धोतर. ड्रोन पडला तिथून सहाशे पावलं पुढं. हिशेब करायची गरज नव्हती तरी मी केला. दोन पट्ट्या.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, त्याला बोलायचं कसं ते अजून कळत नव्हतं. "रात्री बारापर्यंत तरी जीव असणार," तो म्हणाला. "उन्हानं झालंय. पाणी मिळालं असतं तर..." आणि मग त्याच्या लक्षात आलं की समोर कस्तुरी उभी आहे.

दिवसकार्य उरकल्यावर मल्लू माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. काखेत पोतं, हातात वही. मी गड्याला जेवायला पाठवलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

"दादा, हे उघडा," तो म्हणाला. "का पडलं ते मला सांगा."

"कशाला आता? झालं ते झालं."

"मला कळायला पायजे. नोंद अर्धवट राहिलीय."

मी मागची डावी मोटर काढली. हातानं फिरवली तर फिरेना. क्लिप सोडवून बेअरिंग बाहेर काढलं आणि भिंगाखाली धरलं. एक क्षण पुरला. वंगणाचा मागमूस नाही, गोळ्यांना खड्डे पडलेले, कडी खाऊन गेलेली. पस्तीस-चाळीस तासांत बेअरिंगची अशी दशा होत नाही. दीडशे तास तरी लागतात.

आणि त्या मोटरींचे तेवढे झालेच होते. ते मला एकट्यालाच माहीत होतं. मल्लूला ड्रोन विकायच्या महिनाभर आधी माझ्या आधीच्या ड्रोनचा सांगाडा मोडला होता. मी त्याच्या चारही मोटरी काढल्या, नव्या सांगाड्यावर बसवल्या, आणि नवी वही घातली. क्लबात सगळेच तसं करत. नवा सांगाडा, नवी वही. उडतो तो सांगाडा नाही, मोटरी उडतात, हे अकरा जणांत कुणाला कळायला हवं होतं तर मला. पण बेअरिंगं एवढीएवढीशी, ती मागवा, बसवत बसा, कोण करणार? मल्लूला ड्रोन दिला तेव्हा नव्या वहीत चार तास दहा मिनिटं होती. "किती चाललाय दादा?" त्यानं विचारलं होतं. "वहीत आहे की," मी म्हणालो होतो. खोटं एक अक्षर नव्हतं. जुनी वही कपाटात ठेवून दिली होती, तिच्यात एकशे बारा तास होते.

"काय झालंय?" मल्लूनं विचारलं.

"बेअरिंग अडकलंय."

"पण का? पन्नास तासाला बदलायचं. हे बघा, सगळे मिळून एकोणचाळीस तास वीस मिनिटं झालेत. अजून दहा तास हातात होते. मग माझं काय राहिलं?"

मी भिंगातून डोळा काढला नाही. आता सांगायचं, असं ठरवलं होतं. शब्दही जुळवत होतो. माझं दुकान, माझा क्लब, माझे नियम, आणि तीस वर्षं मोटरींवर काढलेल्या माणसाचं हे कर्तृत्व. हे कसं सांगायचं? "धूळ गेली की होतं असं कधीकधी," एवढंच मी तोंडातल्या तोंडात म्हणालो. नुसता वेळ काढायला म्हणालो.

पण ते मल्लूनं धरलं. तो भराभर वहीची पानं उलटायला लागला. मी बघत राहिलो. एकेक पान, एकेक ओळ. मग त्याचं बोट थांबलं.

"बारा मार्च," तो म्हणाला. "गावच्या माळावर उतरवलं होतं. लई धूळ उडाली होती. त्या दिवशी ब्रश मारला न्हाई मी. पाच वाजता आकडे पाठवायचे होते ऑफिसला, नुसतं फुंकलं आणि पेटीत ठेवलं. हे बघा, लिहिलंय मी. साफसफाई राहिली."

वही त्यानं माझ्यासमोर धरली. खरंच लिहिलं होतं.

"त्यानंच झालं का, दादा?"

मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता.

"त्यानंच असणार," मी म्हणालो.

तो रडला नाही. स्टुलावर बसला आणि त्यानं शेवटच्या नोंदीखाली लिहिलं. कारण: बारा मार्च रोजी साफसफाई राहिली. चूक माझी. मग वही माझ्याकडं सरकवली.

"सही करा. तपासणारा म्हणून."

मी सही केली. खाली तारीखही घातली.

मल्लूनं पुन्हा ड्रोनला हात लावला नाही. पण क्लब सोडला नाही. नवीन कुणी आलं की तो त्यांना घेऊन बसायचा, ब्रश कसा धरायचा, मोटरीच्या फटीतली धूळ कशी काढायची ते दाखवायचा आणि शेवटी सांगायचा, "एकदा माझ्याकडनं राहिलं होतं. बारा मार्चला. त्यापायी माझे वडील गेले." पोरं लगेच ब्रश हातात घ्यायची. हळूहळू आमच्याकडं साफसफाईलाच बारा मार्च म्हणायला लागले. उतरवल्यावर एकमेकांना विचारायचे, "बारा मार्च केलंस का रे?" पुढं पुढं नवी पोरं ते हसत विचारायची, कारण तसं का म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी खुर्ची टाकून बाजूला बसलेलो असायचो. मल्लू पण हसायचा त्यांच्याबरोबर. नऊ वर्षं मी हे ऐकलं.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं, ऑपरेशन झालं, दुकान मुलाच्या हवाली केलं. रिकामपण आलं की माणसाला जे आठवू नये तेच आठवतं. एका सकाळी मी बस पकडून सांगलीला मल्लूच्या घरी गेलो. त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जुना सांगाडा, मोटरी, एकशे बारा तास, भिंगाखाली दिसलेलं बेअरिंग. शीळ ऐकली होती तेही सांगितलं. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

मल्लूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठला, आतून वही घेऊन आला आणि पहिलं पान उघडलं.

"हे तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"चार तास दहा मिनिटं."

"ते सांगाड्याचे, मल्लू. तेच सांगतोय तुला. मोटरी जुन्या होत्या."

त्यानं वही मिटली. आता शिव्या देईल, मारेल, वही तोंडावर फेकेल, असं मला वाटलं. मी त्याच तयारीनं गेलो होतो. खरं म्हणजे मला तेच पाहिजे होतं.

"दादा," तो म्हणाला, "कशाला हे करताय?"

"काय करतोय?"

"नऊ वर्षं बघताय तुम्ही मला. रात्री झोप लागत न्हाई, पोरांसमोर तेच तेच बोलतोय. तुम्हाला बघवंना झालं, म्हणून आता आजारपणातनं उठून हे स्वतःच्या अंगावर घ्यायला आलाय." त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही वहीत खोटं लिहिणार? तुम्ही? मला वहीत लिहायला कुणी शिकवलं?"

"मल्लू, देवाशपथ खरं सांगतोय."

"असू दे. कळलं मला." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "सख्खा भाऊ असता तर त्यानंसुद्धा एवढं केलं नसतं. पण माझं ते माझं. मला फेडू द्या."

जुनी वही मिरजेला कपाटात होती. अजूनही आहे. उद्या घेऊन येतो आणि दाखवतो, एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला हायसं वाटलंय. सगळं सांगून झालं होतं आणि माझं काहीच गेलं नव्हतं. तो माझा हात अजून तसाच धरून बसला होता.

कस्तुरी चहा घेऊन आली. मल्लूनं तिला सांगितलं, दादा काय म्हणायला आलेत ते बघ. तिनं ऐकलं, पदरानं डोळे टिपले आणि मला वाकून नमस्कार केला.

मी चहा प्यायलो. चांगला झाला होता. "आणखी अर्धा कप देऊ का, दादा?" तिनं विचारलं, आणि मी कप पुढं केला.